प्रोड्यूसर कोण?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



गेल्या दोन-अडीच महिन्यांपासून आमच्या रोहिणखेडच्या स्टॅण्डवरच्या हाटेलात एकच विषय चालू आहे. कापसाचा भाव झाला, पाऊसपाणी झालं, ग्रामपंचायत झाली, की गाडी शेवटी तिथंच येऊन थांबते. ‘चाचाची नवीन कॅसेट येऊन रायली म्हन्तात. पन प्रोड्यूसर कोन हाये?’

रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातलं गाव. बुलढाण्याचा घाट उतरला की पायथ्याशी. सोळाव्या शतकात खुदावंद खानानं बांधलेली मशीद इथं आहे. त्याच्याही आधी, १४३७ साली, बहमनी आणि खानदेशच्या सुलतानांच्या फौजा इथंच भिडल्या होत्या. त्यानंतर गावाला बोलायला एवढा मोठा विषय मिळाला नसेल, असं मी गमतीनं म्हणतो.

चाचा म्हणजे आमच्या भागातले जुने कव्वाल. नाव सांगत नाही. त्यांच्या नावावर सध्या इतक्या अफवा आहेत की त्यात रेडिओची भर नको. वय पंच्याहत्तरच्या पुढं. चाळीसएक वर्षं त्यांनी पार्टी चालवली. उरूस, लग्नं, गणपतीचे दहा दिवस, कुठं जयंती. सैलानीच्या यात्रेत होळीच्या सुमारास त्यांची रात्र ठरलेली असायची. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि मागं टाळ्या वाजवणारे चौघं. आता पार्टी थांबून बारा-तेरा वर्षं झाली. आणि अचानक बातमी फुटली की चाचा पुन्हा गाणार, रेकॉर्डिंग होणार.

कॅसेट आता कोणाकडं वाजत नाही, तरी सगळे म्हणतात ‘कॅसेट’च. आणि विचारतात प्रोड्यूसरचं. कोणी म्हणतं, मुंबईचा मोठा माणूस येणार. कोणी म्हणतं, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतला परीक्षक. एकानं तर मलकापूर स्टेशनवर त्याला उतरताना पाहिलं, असंही छातीठोकपणे सांगितलं. खरी गोष्ट एवढीच होती की माझा भाचा पुण्याहून लॅपटॉप आणि दोन माइक घेऊन आला होता आणि त्यानं मला विचारलं होतं, ‘मामू, रेकॉर्डिंग मैं कर लूंगा, लेकिन प्रोड्यूसर आप बनो.’

मी साधा बी.ए. झालेला माणूस. जिनिंगमध्ये हिशेब लिहिता लिहिता कविता करत आलो. मी त्याला विचारलं, ‘बाबा, माझ्याकडं पैसे कुठायत?’ तो हसायला लागला. तिथून मी या शब्दाच्या मागं लागलो, आणि जे समजलं ते आज तुम्हाला सांगतोय.

सिनेमामुळं आपला घोळ होतो. सिनेमात निर्माता म्हणजे पैसा घालणारा. नट, दिग्दर्शक, संगीतकार ही त्यानं नेमलेली माणसं. म्हणून हाटेलातली मंडळी प्रोड्यूसर कोण विचारतात तेव्हा त्यांना विचारायचं असतं, पैसा कोणाचा? गाण्याच्या रेकॉर्डच्या धंद्यात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा झाला. तिथं पैसा कंपनीचा. प्रोड्यूसर म्हणजे गाणी निवडणारा, कोणतं वाद्य ठेवायचं आणि कोणतं काढायचं ते ठरवणारा, काचेच्या पलीकडं बसून ‘आणखी एकदा’ किंवा ‘बस, हेच घ्या’ म्हणणारा. आमच्याकडं लग्नाची दावत असली की लोक आधी विचारतात, ‘पकानेवाला कौन है?’ तांदूळ यजमानाचा, बकरा यजमानाचा, देगही भाड्याची. पण बिर्याणी कशी होणार ते बावर्चीच्या नावावरून कळतं. एक बावर्ची मिरची पुढं ठेवतो, एक खडा मसाला. रेकॉर्डचा प्रोड्यूसर हा असा बावर्ची आहे. चाहते त्याच्या नावावरून वास घेतात, पदार्थ अजून चुलीवर असतो.

हा माणूस आला कुठून? १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा गृहस्थ ग्रामोफोन कंपनीकडून कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहरजानचा आवाज मुद्रित केला. गाणं संपताना ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ते पुष्कळांनी ऐकलं असेल. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना लेबलवर कोणाचं नाव लावायचं ते कळावं, म्हणून ती पद्धत पडली. तबकडी तीनेक मिनिटांची. रात्रभर चालणारं गाणं तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे कोणीतरी ‘हे ठेवा, ते सोडा’ म्हणायला हवं. प्रोड्यूसरचं काम तिथं सुरू झालं. नाव नंतर मिळालं.

आणि या कामाचा एक मोठा धागा आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून जातो, हे मला या निमित्तानं नव्यानं लक्षात आलं. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे तुम्हाला माहीत आहेत. १९०९ सालचा जन्म, २००० साली गेले. आयुष्य मेहकरात काढलं. १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण लोकांना ते ठाऊक होते ‘शीळ’ या कवितेमुळं, आणि ती लोकांपर्यंत गेली तबकडीमुळं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी या तरुण गायकानं ती गायली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना या तबकडीचं नाव आधी घेतात. गंमत अशी की ‘शीळ’ हा कवितासंग्रह पुस्तकरूपानं आला १९५४ साली. म्हणजे पुस्तकाच्या वीसेक वर्षं आधी ती कविता लोकांच्या तोंडी होती. आमच्यासारख्या गावाकडच्या कवीला यात केवढा धीर आहे, ते शहरातल्या मित्रांना समजावून सांगावं लागतं.

हे जी. एन. जोशी पुढं काय झाले? वकिलीचं शिक्षण घेतलेला हा गायक १९३८ साली एचएमव्ही कंपनीत रेकॉर्डिंगच्या कामाला लागला, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी दुसऱ्यांना गायला बसवलं. बेगम अख्तर, बडे गुलाम अली खाँ अशा मोठ्या लोकांची मुद्रणं त्यांच्या हातून झाली. रुसलेल्या कलावंताची समजूत काढायची, वेळ ठरवायची, किती मिनिटांत आटपायचं ते हळूच सुचवायचं, हे त्यांचं काम. १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नावाची लाँग प्ले तबकडी निघाली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. तिघंही त्यावेळी तरुण. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, अशी त्या तबकडीची कल्पना. तिच्यावर प्रोड्यूसर म्हणून नाव आहे जी. एन. जोशींचं. त्यात त्यांनी एक सूरही वाजवलेला नाही. पण तीन वाद्यं, एक दिवस, एक तबकडी असं सगळं धरून ठेवणारा माणूस काचेमागं होता. ही तबकडी जगभर गेली. आमच्या मेहकरच्या कवितेपासून निघालेला गायक तिथपर्यंत पोचला, हे मी हाटेलात सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, ‘मंग चाचासाठी त्यायलेच बलवा ना!’ ते आता हयात नाहीत, हे सांगताना मला उगाच अपराधी वाटलं.

आपल्याकडं हे काम बहुतेक वेळा एका माणसाकडं नसतं. संगीतकार चाल लावतो. वाद्यवृंद कुठं कसा वाजेल ते संयोजक ठरवतो. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागं गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा होते. मराठीत अनिल मोहिले होते, पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स होते. लेबलवर त्यांची नावं कमी दिसली, पण कान तयार असलेल्यांना ओळखू यायचं. प्रोड्यूसर हा शब्द आमच्या पिढीच्या कानावर पहिल्यांदा ठळकपणे आला तो बहुधा बिड्डूमुळं. बंगळूरचा हा माणूस लंडनला गेला. १९७४ सालचं ‘कुंग फू फायटिंग’ हे जगभर गाजलेलं गाणं त्यानंच घडवलं. १९८० साली ‘कुर्बानी’ सिनेमात पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचं गाणं आलं, १९८१ साली तिचा आणि भावाचा ‘डिस्को दीवाने’. बुलढाण्याच्या बसस्टॅण्डजवळच्या कॅसेटच्या दुकानात ते दिवसभर वाजायचं. मी अकरा-बारा वर्षांचा होतो. मोठी पोरं म्हणायची, ‘आवाज तिचा, पण डोकं बिड्डूचं.’ १९९५ साली त्याच बिड्डूनं अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ केलं, तेव्हा दोन गाणी ऐकूनच लोकांनी हात ओळखला.

आता चाहत्यांच्या अंदाजांविषयी. माझा भाचा २०१० साली, तेव्हाच्या औरंगाबादला, शिकत होता. खोलीतल्या मित्राच्या नादानं त्याला मुंबईच्या एका जुन्या रॉक बॅण्डचं वेड लागलं. ‘इंडस क्रीड’ त्याचं नाव. १९८४ साली ‘रॉक मशीन’ म्हणून सुरू झालेला, उदय बेनेगल गायचे, महेश तिनईकर गिटार वाजवायचे. १९९५ साली तिसरा अल्बम काढून १९९७ साली ही मंडळी पांगली, आणि २०१० साली पुन्हा एकत्र आली. नवीन अल्बम येणार म्हटल्यावर या पोरांची झोप उडाली. सतरा वर्षांनी आवाज कसा असेल? जुन्यातलं कोण असेल, नवीन कोण? ध्वनी कोणाच्या हातचा असेल? शेवटी २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ आला आणि कळलं की त्याचं मिक्सिंग टिम पामर या इंग्रज माणसानं केलंय, ज्यानं अमेरिकेच्या पर्ल जॅमचा १९९१ सालचा ‘टेन’ मिक्स केला होता. भाच्यानं मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा घरात सोयरीक ठरल्यासारखा त्याचा आवाज होता. मला त्यातलं काही कळलं नाही. मिक्सिंग म्हणजे काय, हेच मुळात माहीत नव्हतं.

ते आता माहीत झालंय. पूर्वी सगळे एकत्र बसून एकाच माइकसमोर गात. मग टेपवर वेगवेगळ्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, घेता येऊ लागले. ढोलक एका ट्रॅकवर, आवाज दुसऱ्यावर, टाळ्या तिसऱ्यावर. नंतर एकजण बसून कोण किती मोठ्यानं, कोण डावीकडं, कोण मागं असं ठरवतो. तेच मिक्सिंग. मागच्या रांगेतल्या माणसाला पुढं आणायचं किंवा पुढच्याला घालवूनच द्यायचं, एवढी ताकद त्या बटणांत आहे.

जुन्या बॅण्डच्या नवीन अल्बमची वाट पाहणारे जगभर असेच असतात. स्वीडनच्या ॲबानं २०१८ साली सांगितलं की आम्ही दोन गाणी रेकॉर्ड केलीत. चाहते तीन वर्षं तर्क करत राहिले, आणि २०२१च्या नोव्हेंबरात ‘व्हॉयेज’ नावाचा आख्खा अल्बम आला. १९८१ नंतर चाळीस वर्षांनी. प्रोड्यूसर बाहेरचा कोणी नाही, त्यांचेच बेनी अँडरसन. इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्सची तऱ्हा आणखी मजेदार. २००५ नंतर त्यांचा स्वतःच्या नवीन गाण्यांचा अल्बम नव्हता. ढोल वाजवणारे चार्ली वॉट्स २०२१ साली गेले. २०२३च्या ऑगस्टात लंडनच्या ‘हॅकनी गॅझेट’ या स्थानिक पेपरात काचा दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाची जाहिरात आली. तिच्या मजकुरात जुन्या गाण्यांची नावं दडलेली. चाहत्यांनी ती हुडकून काढली. ऑक्टोबरात ‘हॅकनी डायमंड्स’ आला. प्रोड्यूसर होता अँड्र्यू वॉट, वय तेहतीस. गायक मिक जॅगर ऐंशीचे! नातवाच्या वयाच्या पोरानं आजोबांना ‘आणखी एकदा’ म्हणायचं. त्याआधी बातमी होती की बीटल्सचे पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार दोघंही या अल्बमवर वाजवणार. मॅकार्टनींनी एका गाण्यावर वाजवलं, रिंगोंनी नाही. आमच्या हाटेलातल्या अफवांचंही प्रमाण साधारण असंच पडतं, निम्मी खरी.

ही नुसती पोरकट उत्सुकता आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. कारण काचेमागचा माणूस चुकला तर काय होतं, ते चाहत्याला आधी कळतं. बीटल्सचंच पाहा. १९६२पासून त्यांच्यामागं जॉर्ज मार्टिन होते. ‘येस्टरडे’ या गाण्यावर १९६५ साली चार तंतुवाद्यं लावायची सूचना त्यांची. मॅकार्टनी आधी कचरत होते, पण मार्टिननी त्यांना बाजूला बसवून दाखवलं, आणि गाणं कायमचं तसंच राहिलं. तेच १९७० साली ‘लेट इट बी’ची टेप फिल स्पेक्टर या दुसऱ्या प्रोड्यूसरकडं गेली. त्यानं मॅकार्टनींच्या एका साध्या गाण्यावर त्यांना न विचारता आख्खा ऑर्केस्ट्रा आणि बायकांचा कोरस चढवला. मॅकार्टनी ते विसरले नाहीत. २००३ साली तो साज उतरवून तोच अल्बम नव्यानं काढला, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. तेहतीस वर्षं!

हे वाचताना मला आमची कॅसेट आठवली. होय, चाचांची एक कॅसेट निघाली होती. १९९०च्या दशकाची अखेर. मुंबईच्या एका कंपनीनं बोलावलं. मी चाचांसाठी एक मराठी कव्वाली लिहिली होती, चार अंतऱ्यांची. आमच्या गावची नदी, दर्गा आणि पंढरीला पायी जाणारी माणसं असं तिच्यात होतं. गावात ती वीस-पंचवीस मिनिटं चालायची, लोक एकेक ओळ परत मागायचे. आम्ही सात जण मलकापूरहून रात्रीच्या गाडीनं गेलो. स्टुडिओत पोचल्यावर कळलं की ताल यंत्रातून येणार आणि बेंजोऐवजी कीबोर्ड. ढोलकवाला आणि बेंजोवाला दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. बेंजोवाल्यानं मुंबईसाठी नव्या तारा लावून आणल्या होत्या. अंतरे दोनच घेतले. कॅसेट आली तेव्हा तिच्या कागदावर लिहिलं होतं, ‘गीत : पारंपरिक’.

मला माझ्या नावाचं तेवढं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं, पण चार दिवस. बेंजोवाल्याचं मात्र मनाला लागलं. परतीच्या गाडीत तो बोलला नाही. पार्टीत पुढंही वाजवत राहिला, पण रेकॉर्डिंग हा शब्द निघाला की उठून जायचा. चाचांनीही मग कुठल्या कंपनीचं आवतण घेतलं नाही. बेंजोवाला गेला त्याला तेरा वर्षं झाली. पार्टी थांबली ती त्याच वर्षी.

त्यामुळं हाटेलात ‘प्रोड्यूसर कोन’ विचारतात, तेव्हा त्यातल्या जुन्या माणसांना खरं काय विचारायचं असतं ते मला समजतं. या वेळी बाकावर कोण बसणार, असं त्यांना विचारायचं असतं.

भाच्याला मी हो म्हटलं आणि कामाला लागलो. पहिला प्रश्न जागेचा. घरात रेकॉर्डिंग करावं तर बाहेर ट्रॅक्टर, कोंबड्या, मोबाइलची गाणी. जिनिंगच्या मालकांना विचारून कापसाच्या गासड्या ठेवायची खोली रात्रीपुरती घेतली. कापूस आवाज पिऊन टाकतो. भाच्याला ते फार आवडलं, म्हणाला, शहरात यासाठी लाखभर रुपयांचा फोम लावतात. पण चाचांनी एक आलाप घेतला आणि थांबले. म्हणाले, ‘यहाँ तो आवाज वापस ही नहीं आ रही. जैसे कुएँ में फेंक दी.’ कव्वाली गाणाऱ्याला भिंतीकडून उत्तर लागतं. मग निम्म्या गासड्या बाहेर काढल्या. हमालांना मी काय कारण सांगितलं असेल, याचा विचार तुम्हीच करा.

दुसरा प्रश्न पट्टीचा. चाचा ऐन भरात काळी चारमध्ये गायचे. आता काळी एकमध्येही वरचा षड्ज गाठताना दम लागतो. भाचा म्हणाला, सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आहे. हे तंत्र १९९७ साली बाजारात आलं, आज जवळपास प्रत्येक गाण्यात ते थोडंफार असतंच. मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, ‘दाँत लगवाए हैं ना मैंने? वैसा ही है क्या?’ आम्ही म्हटलं, साधारण तसंच. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘खाने के लिए ठीक है.’ याचा अर्थ हो की नाही, यावर माझा आणि भाच्याचा अजून वाद चालू आहे. मी न लावण्याच्या बाजूचा. अंतरे मात्र चारही घ्यायचे, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

तिसरा प्रश्न बेंजोचा, आणि तो सगळ्यांत अवघड. बेंजोवाल्याचा मुलगा वरातीच्या बॅण्डमध्ये कीबोर्ड वाजवतो. चांगला वाजवतो. पण कीबोर्ड म्हटलं की चाचा गप्प होतात. तेव्हा भाच्यानं मला ‘नाऊ अँड देन’ची गोष्ट सांगितली. जॉन लेननंनी १९७०च्या दशकाच्या अखेरीला घरी पियानोवर गाऊन ठेवलेली एक कॅसेट होती. ते १९८० साली मारले गेले. पुढं ती कॅसेट त्यांच्या पत्नीनं उरलेल्या बीटल्सना दिली. १९९५ साली तिघांनी प्रयत्न केला, पण पियानो आणि खरखर यांत आवाज असा मिसळला होता की सोडून द्यावं लागलं. मग संगणकाला वेगवेगळे आवाज ओळखायला शिकवणारं तंत्र आलं. त्यानं लेननंचा आवाज पियानोपासून अलग केला, जॉर्ज हॅरिसनंनी १९९५ साली वाजवलेली गिटार घेतली, आणि २०२३च्या नोव्हेंबरात ते गाणं निघालं. हॅरिसनही तोवर, २००१ सालीच, गेले होते. प्रोड्यूसर होते मॅकार्टनी आणि त्या जॉर्ज मार्टिनंचा मुलगा जाइल्स.

‘मामू,’ भाचा म्हणाला, ‘आपल्याकडं उरसाची टेप आहे ना?’

आहे. एका उरसात कोणीतरी टू-इन-वनवर भरून घेतलेली, माझीच मराठी कव्वाली, पूर्ण. बेंजो त्यात कुठं मागं वाजतोय, माणसं ओरडताहेत, मध्येच एक मूल रडतंय. भाच्यानं दोन रात्री बसून त्यातून बेंजो बाजूला काढला. पूर्ण सुटला नाही, त्याच्या मागं ढोलकाची सावली राहिली. पण ओळखू येतो. चाचांना ऐकवायची मला हिंमत झाली नाही. नवीन गाण्यात तो घालायचा तर आधी त्याच्या घरी विचारायला हवं, एवढं मला प्रोड्यूसर न होताही कळत होतं.

मागच्या जुम्याला आम्ही बेंजोवाल्याच्या बायकोकडं गेलो. तिला आम्ही चाची म्हणतो. ओसरीत बसलो, लॅपटॉप उघडला. तिनं पदराआड तोंड वगैरे काही केलं नाही. कान जवळ आणून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, ‘ये वाली मत लो. उस रात उनकी एक तार टूटी थी, तीन तारों पे निभाया था. घर आके दो दिन उसी की बात करते रहे.’ आम्ही एकमेकांकडं पाहत राहिलो. दोन रात्री कान लावून बसलेल्या भाच्याला तुटलेली तार ऐकू आली नव्हती. मलाही नाही, आणि कव्वाली माझी.

चाची आत गेली आणि पेटीतून दुसरी कॅसेट घेऊन आली. वर उर्दूत तारीख लिहिलेली, अक्षर त्याचंच. ही कुठल्या उरसाची ते तिला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. फीत एका जागी चिकटली आहे, भाचा पेन्सिल घालून ती रोज थोडी थोडी सोडवतोय. सुटेपर्यंत गासड्यांच्या खोलीचं काम थांबवलं आहे, आणि हाटेलात बातमी आहे की मुंबईचा माणूस चाचांशी भांडून परत गेला.